गिअरचं भांडण

अनू, काल मी तो ट्रक बघून आलो. तोच, सिलर सिटीच्या पलीकडचा, जुना डिझेल, सहा गिअरचा, मॅन्युअल. ज्याच्यावरून आपलं शेवटचं वाजलं. तुला न विचारता गेलो, कारण विचारायची सोय आता राहिलेली नाही. आणि खरं सांगू का, गाडीत बसताना क्षणभर वाटून गेलं, चला, आता अडवणारं कोणी नाही. हा विचार मनात आला आणि मी ड्राइव्हवेतच गाडी बंद करून बसून राहिलो. समोरच्या घरातल्या बाई कुत्रं फिरवायला निघाल्या होत्या, त्यांनी हात केला. मीही हात केला. मग निघालो.

घरी अजून लोक येताहेत. मॉरिसव्हिलमधलं एकही मराठी घर असं नसेल जिथून डबा आला नाही. फ्रीजमध्ये साबुदाण्याच्या खिचडीचे इतके डबे आहेत की दूध ठेवायला जागा नाही. येतात, बसतात, तुझ्याबद्दल छान छान बोलतात. परवा एक काकू म्हणाल्या, अनघाताई किती शांत होत्या, कधी आवाज म्हणून चढला नाही. मी मान डोलावली. मनात म्हटलं, बाप्पा! कोणती अनघा? माझ्या घरात जी होती तिने तर दोन वर्षं ट्रकवरून माझं डोकं खाल्लं. मला यांची शांत अनघाताई नको आहे गं. मला माझी भांडखोर अनू पाहिजे, आत्ता, या टेबलाच्या त्या बाजूला, चष्मा डोक्यावर चढवून, 'थांब, माझं पूर्ण होऊ दे' म्हणणारी.

आपण सगळं उलटंच केलं. लोक आधी ट्रक घेतात आणि मग त्याला झेपेल असा ट्रेलर बघतात. आपण रॅली शहरातल्या आरव्ही शोमध्ये, चाकांवरच्या घरांच्या प्रदर्शनात, नुसतं बघायला म्हणून गेलो आणि ट्रेलर ठरवून आलो. नुसतं बघायला जाताना तू पिशवीत घरचा कुकर घेतला होतास, तेव्हाच मला कळायला हवं होतं. एकेका ट्रेलरमध्ये शिरायचीस, शेगडीवर कुकर ठेवायचीस आणि वरच्या मायक्रोवेव्हला शिट्टी लागते का बघायचीस. तो विकणारा पोरगा आधी हसला, मग घाबरला, मग तुझ्यामागे कुकरचं झाकण घेऊन फिरायला लागला. शेवटी त्या फिफ्थ-व्हील ट्रेलरमध्ये कुकर नीट बसला, शिट्टीच्या वर हात जाईल एवढी जागा राहिली, आणि तू माझ्याकडे वळून म्हणालीस, हा घ्यायचा. मी नागपूरचा माणूस, माझं काम एक घाव दोन तुकडे. मी लगेच हो म्हटलं. एवढ्या झटपट आपण आयुष्यात दुसरं काही ठरवलं नाही. लग्नसुद्धा नाही. पिस्कॅटवेत शिकत असताना तू मला होकार द्यायला अख्खं सेमिस्टर घेतलं होतंस.

आणि मग तुझी चिकित्सा सुरू झाली. आयुष्यभर सॉफ्टवेअर टेस्टिंग केलेली बाई, दुसऱ्याने केलेल्या कामात खोट काढायचा पगार घेतलेली. तुला म्हणे ट्रक निवडायचा होता! साधा ट्रेलर मागच्या बाजूला अडकवून ओढायचा असतो. फिफ्थ-व्हीलचं तसं नसतं, त्याचं नाक ट्रकच्या हौद्यावर चढून बसतं आणि आपलं बरंचसं वजन ट्रकच्या पाठीवर टाकतं. हे मला तू शिकवलंस. विक्रेते सांगायचे, हा ट्रक काहीही ओढेल. तू म्हणायचीस, ओढेल हो, पण पाठीवर किती घेईल? मग ड्रायव्हरचं दार उघडून, वाकून, दाराच्या चौकटीवरचं ते पिवळं-पांढरं स्टिकर वाचायचीस. त्यावर त्या ट्रकला पेलणारा भार लिहिलेला असतो. त्यातून आपलं दोघांचं वजन, जोडणीच्या हिचचं वजन, पाण्याच्या टाक्या, आणि तुझ्या डाळ-तांदळाचे डबे वजा करायचीस, आणि दार लावून म्हणायचीस, नाही चालणार. कॅरीपासून ड्युरमपर्यंत गाड्या विकायच्या प्रत्येक लॉटवर तुला स्टिकर लेडी म्हणायला लागले होते. मी बाजूला उभा राहून कपाळाला हात लावायचो. तुला भाजीवाल्याकडे वांगी दाबून बघायची सवय होतीच, ती तू ट्रकला लावलीस.

इथपर्यंत मी सहन केलं. मागे दुहेरी चाकांचा, एक टनी, डिझेल ट्रक लागणार हे मीही मान्य केलं. रॅलीच्या एका डीलरकडचा तसा एक तू पासही केलास, पण तो ऑटोमॅटिक. भांडण पेटलं ते गिअरवरून.

मला मॅन्युअल पाहिजे होता. नव्या ट्रकमध्ये आता तो येतच नाही, म्हणजे जुना शोधावा लागणार. मी शोधणार होतो. ब्लू रिज डोंगरांच्या उतारावर एवढं धूड मागे लागलेलं असताना गिअर माझ्या हातात पाहिजे, कॉम्प्युटरच्या नाही, असं माझं म्हणणं. तू म्हणायचीस, आजकालचे ऑटोमॅटिक तुझ्यापेक्षा हुशार आहेत, चढ ओळखतात, उतारावर स्वतः खालचा गिअर टाकतात, वेग रोखायला एक्झॉस्ट ब्रेक लावतात. मी म्हणायचो, मग मी तिथे काय करू, भजी खाऊ? तू म्हणायचीस, खा. सगळी तांत्रिक चर्चा झाली की शेवटी तू एकच हुकमाचं पान टाकायचीस, 'मला चालवता आला पाहिजे.' क्लच तुला कधी जमला नाही. मी तुला माझ्या त्या डबड्या गाडीवर युनिव्हर्सिटीच्या पार्किंग लॉटमध्ये शिकवायला गेलो होतो, तर तू क्लचचा असा धूर काढलास की सिक्युरिटीवाला धावत आला. उतरून किल्ली माझ्या हातात दिलीस आणि म्हणालीस, हे माझ्या जन्मात नाही.

म्हणून मला तुझं ते वाक्य खोटं वाटायचं. अगं, जी बाई आपल्या छोट्या गाडीनेसुद्धा फ्रीवे घेत नाही, देवळात जायचं तर आतल्या रस्त्यांनी वळसे घालत जाते, बाजूने मोठा ट्रक गेला की स्टिअरिंग घट्ट धरून श्वास रोखते, ती म्हणे ट्रेलर ओढणार! मी हसायचो. मंडळाच्या पिकनिकला चार लोकांत सांगून हसायचो. तूही हसायचीस आणि म्हणायचीस, ते माझं मी बघीन. पण हट्ट सोडायची नाहीस. दोन वर्षं ट्रेलर अॅपेक्सच्या स्टोरेज लॉटमध्ये उभा, आपण महिन्यातून एकदा जाऊन त्याच्यात बसून चहा पिऊन यायचो, आणि तो एक मैल हलला नाही. आपला पोरगा ओंकार म्हणायचा, यू गाइज आर अनबिलीव्हेबल.

त्या शेवटच्या सकाळी मी तुला या ट्रकचा फोटो दाखवला. डेल नावाच्या म्हाताऱ्याचा आहे, एकहाती वापरलेला, गंज नाही, मॅन्युअल. तू फोटो मोठा करून करून बघितलास. म्हणालीस, ट्रक चांगला आहे, पण गिअरचं माझं उत्तर तेच. माझा आवाज चढला. तू चहाचा कप उचललास आणि स्वयंपाकघराकडे जाता जाता म्हणालीस, 'ऐक ना, खरं म्हणजे मला तुला...' आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून आत गेलीस. मग पडल्याचा आवाज आला.

त्या पुढचं मी इथे लिहिणार नाही. डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूतली शीर फुटली, तिला काही कळलंही नसेल. मला मात्र रोज कळतं. उठलो की कळतं, दात घासताना कळतं, दोन कप पाणी गॅसवर ठेवतो आणि मग एक कप ओतून देतो तेव्हा कळतं. मी रडतो गं. मोठ्याने रडतो, दारं-खिडक्या बंद करून. माझ्या वडिलांच्या वेळी रडलो नव्हतो, ते सगळं आता एकदम निघालंय की काय कोण जाणे. आणि सारखं डोक्यात घोळतं की तुला काय सांगायचं होतं. खरं म्हणजे मला तुला काय? कुठलं खरं?

ओंकार म्हणाला, बाबा, सेल द ट्रेलर. एकटे कुठे जाणार तुम्ही. त्याचं बरोबर आहे. ट्रेलरसाठी एका जोडप्याचा फोनही आला, त्यांच्याकडे ट्रक आहे, त्यांना नुसतं येऊन जोडून न्यायचं आहे. शनिवारपर्यंत सांगतो म्हटलं. आणि त्याच दिवशी डेलचा फोन आला, अजून इंटरेस्ट आहे का? मी आहे म्हटलं. का म्हटलं ते विचारू नकोस. ट्रेलर गेला तर तू ज्याच्यात कुकर ठेवलास ते घर जाणार, आणि आपण जे काय ठरवत होतो ते सगळं संपणार. ट्रक घेतला तर निदान काहीतरी चालू राहणार. मला एवढंच कळत होतं.

तर काल गेलो. ट्रक मस्त आहे, अनू. खोटं बोलत नाही. मी वाकून दारावरचं स्टिकर वाचलं, आकडा चांगला आहे, तूही पास केलं असतंस. डेल म्हणाला, पहिल्या फोनवर तू म्हणाला होतास ना, बायको येणार आहे, ती स्टिकर वाचेल? मी म्हटलं, शी कुडन्ट मेक इट. एवढंच तोंडातून निघालं. परक्या माणसाच्या अंगणात उभं राहून ते दुसरं वाक्य मला इंग्रजीत म्हणता येईना. मराठीतही अजून नीट म्हणता येत नाही.

गाडी चालवायला घेतली. पहिला, दुसरा, तिसरा. काय सांगू तुला, पंचविशीतला झालो मी. गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर इंजिन असं घुमत होतं की मी डेलला नागपूरच्या गोष्टी सांगायला लागलो. मग हायवेवर रस्त्याचं काम लागलं. गाड्यांची रांग, पुढे सरका, थांबा, पुढे सरका, थांबा. त्या ट्रकचा क्लच दगडासारखा आहे. दाबा, सोडा, दाबा, सोडा. थोड्याच वेळात डाव्या गुडघ्यात कळ आली. मग दुसरी. मग पाय असा थरथरायला लागला की मला तो हाताने धरावा लागला. एका चढावर क्लच सुटला, ट्रक गचका देऊन बंद पडला आणि मागे घरंगळायला लागला. मागच्या गाडीवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढेना. कसाबसा ब्रेक दाबला. नुसत्या रिकाम्या ट्रकची ही कथा. मागे आपला ट्रेलर असता तर? डेल भला माणूस, पुढच्या वळणावर म्हणाला, लेट मी टेक इट फ्रॉम हिअर. मी उतरून पलीकडे जाऊन बसलो. घरी येईपर्यंत पाय सुजला होता.

संध्याकाळी ओंकार शार्लटहून आला. मी पाय स्टुलावर ठेवून, बर्फ लावून बसलो होतो. त्याने विचारलं, काय झालं. मी सांगितलं. वर हेही म्हटलं की आता आईची मजा, जिंकली ती, पण जिच्यासाठी ऑटोमॅटिक घ्यायचा होता तीच गेली, तर आता काय उपयोग. तुझा मुलगा फायर डिपार्टमेंटमध्ये आहे, जळत्या घरात शिरतो, सहसा गडबडत नाही. तो गडबडला. बर्फाची पिशवी नीट करत बसला. मग म्हणाला, 'बाबा, आई वॉज टेरिफाइड ऑफ दॅट ट्रक. एनी ट्रक. ते तिच्यासाठी नव्हतं.'

मग त्याने सांगितलं. तू गेल्या हिवाळ्यात कॅरीहून ट्रेन पकडून शार्लटला जायचीस ना, पोराला घरचं जेवण मिळत नाही म्हणून? मी म्हणायचो, त्याला तिथे बुलढाण्याचा दुष्काळ आहे का, एवढे डबे कशाला? तू डबे घेऊन जात होतीस आणि तिथे तो तुला भाड्याचा मोठा बॉक्स ट्रक शिकवत होता. एका शाळेच्या रिकाम्या पार्किंग लॉटमध्ये. मग लहान रस्त्यांवर. मग एकदा, त्याच्या ड्यूटीवरचा मित्र मागून गाडी घेऊन येत असताना, फ्रीवेवर. तुझ्या हातांना घाम सुटायचा, टिश्यूंचा बॉक्स मांडीवर ठेवायचीस. एकदा रिव्हर्स घेताना खांबाला लावलास आणि रडलीस. मग डोळे पुसून म्हणालीस, परत. ओंकार म्हणतो, आमच्या नव्या रिक्रूट्समध्ये इतकी जिद्द नसते.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? तो म्हणाला, तिने प्रॉमिस घेतलं होतं. तू त्याला म्हणाली होतीस, 'बाबांच्या गुडघ्याचं नाव काढायचं नाही, त्यांना लागतं. मला चालवायचाय म्हटलं की ते माझ्यासाठी ऑटोमॅटिक घेतील, आणि मजेत स्वतःच चालवतील. ज्या दिवशी पाय दुखेल त्या दिवशी मी चालवायला बसेन.' हे वाक्य ओंकारने मराठीत सांगितलं, तुझ्याच शब्दांत, अडखळत. एरवी आपल्याशी सगळं इंग्रजीत बोलणारा पोरगा. ते त्याने तोंडपाठ करून ठेवलं होतं.

तो झोपायला गेला आणि मी बसलो एकेक आठवत. झोपायची खोली तू खाली आणलीस, म्हणालीस, मला जिन्याचा कंटाळा येतो. जिना तर तू दिवसभर कपड्यांच्या टोपल्या घेऊन चढायचीस. इंडियन स्टोअरला दाराजवळ जागा मिळेपर्यंत मला फिरवायचीस, म्हणायचीस, मला लांबून चालवत नाही. कोणाकडे सत्यनारायण असला की आधीच फोन करून सांगायचीस, मला खाली बसवत नाही, दोन खुर्च्या ठेवा. दोन! आणि घरी हीच बाई स्वयंपाकघरात फरशीवर फतकल मारून मेथीच्या जुड्या निवडत बसायची. माझ्या डोळ्यांसमोर. मी वरून विचारायचो, अगं, आज पिठलं आहे का?

माझं सगळं दुखणं तू स्वतःच्या नावावर लावून घेतलंस. चार लोकांत मी तुला हसलो तेव्हाही तू ते माझ्या नावावर येऊ दिलं नाहीस. मला तुझा राग येतो, माहितेय? भयंकर राग येतो. एकदा म्हणायचं होतंस, तुझा पाय गेलाय, मुकाट्याने ऑटोमॅटिक घे. मी तणतणलो असतो, जेवलो नसतो एक वेळ, आणि घेतला असता. मग आपण दोघं मागच्याच वर्षी निघालो असतो. शरदातले ते लाल-पिवळे डोंगर तुझ्या शेजारी बसून बघितले असते. थांबलेल्या ट्रेलरमध्ये चहा पिण्याऐवजी कुठेतरी पोचून प्यायलो असतो. तुला माझा मान सांभाळायचा होता. अगं, काय करू मी त्या मानाचं?

आणि मग राग ओसरतो आणि मला ती दिसते, मांडीवर टिश्यूंचा बॉक्स घेऊन, एवढ्या मोठ्या स्टिअरिंगमागे, साडेपाच फुटांचीही नसलेली बाई. कोणासाठी कोणी एवढं करतं का? माझ्यासाठी कोणीतरी केलं. मला ते माहीत नव्हतं, तरी मी त्याच्यावर जगत होतो. थँक यू म्हणायला तोंड उघडतो तर समोर खुर्ची.

आज सकाळी मी दोन फोन केले. त्या जोडप्याला सांगितलं, ट्रेलर विकायचा नाही. मग रॅलीच्या त्या डीलरला सांगितलं, स्टिकर लेडीने पास केलेला तो डिझेल एक टनी, दहा गिअरचा ऑटोमॅटिक, तो मला पाहिजे. तो म्हणाला, मॅडम खूश असतील ना आता? मी हो म्हटलं. ओंकार सुट्टी घेतोय, हिच बसवायला आणि पहिल्यांदा जोडायला येईल. मग मी निघेन. चालवेन मी, अनू. पाय दुखला तर बाजूला थांबेन, कारण बसणारं दुसरं कोणी नाही.

पण एक सांगतो, आणि हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. त्या फोनवर हो म्हणायला मला फार वेळ लागला. डीलरला वाटलं लाइन कट झाली. भांडण मिटलेलं नव्हतं तोवर तू माझ्यासाठी पुरती गेली नव्हतीस. वाक्य अर्धं टाकून नुसती आत गेली होतीस, गॅस बंद करून येऊन मला सुनावणार होतीस. मी रोज तुझ्याशी तेच भांडत होतो, रोज तू मला उत्तर देत होतीस. आता मला तुझं म्हणणं पटलं. मी हो म्हटलं गं. आता तुला बाहेर येऊन बोलायला काही उरलं नाही.